न्यूनगंडाचे भांडवल

गेल्या मे महिन्यात आमच्या तालुक्यातील युवक शिबिरात अकरावीत शिकणारी एक मुलगी प्रथमच व्यासपीठावर उभी राहिली. तिच्या वाडीवर येणारी सकाळची एस. टी. बंद झाल्यापासून किती मुलींची शाळा सुटली, हे तिने सात-आठ मिनिटांत सांगितले. मुलींची नावे सांगितली, वाडीपासून शाळेपर्यंतचे अंतर सांगितले, आगारप्रमुखांकडे दिलेल्या अर्जांच्या तारखा सांगितल्या. पन्नास वर्षे मी या चळवळीत भाषणे ऐकत आले आहे. इतके मुद्देसूद बोलणे आमच्या नामांकित वक्त्यांपैकीही थोड्यांनाच साधते. संध्याकाळी एका उत्साही कार्यकर्त्याने तिचे छायाचित्र व भाषणाचा एक तुकडा समाजमाध्यमावर टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्याखाली शंभरावर शेरे जमले होते. त्यांपैकी एस. टी.चा उल्लेख करणारे किती, हे मी मोजून पाहिले. ते चार निघाले. बाकीचे तिच्या रंगाविषयी, पुढे आलेल्या दातांविषयी, दंडांच्या जाडीविषयी होते. आणि काही शेरे तर रंगावरून तिची जात ओळखल्याचा आव आणणारे होते.

याहून लाजिरवाणी गोष्ट पुढे आहे. त्या शेऱ्यांखाली हसऱ्या चेहऱ्यांची चित्रे डकवून दाद देणाऱ्यांत दोन नावे आपल्याच सभासद-यादीतली होती.

जूनच्या बैठकीला ती मुलगी आली, परंतु भिंतीकडेला बसली. शेवटी सर्वांचे छायाचित्र काढण्याची वेळ आली तेव्हा पाणी आणण्याचे निमित्त करून बाहेर गेली. तिच्या आईने मला बाजूला घेतले आणि म्हणाली, ''ताई, ती काम करील हो सगळं. लिहायचं द्या, मोजणीचं द्या. पण त्या मोबाईलपुढं उभं राहायला सांगू नका तिला. रात्री आरशापुढं दाताला बोटं लावून बसते.''

ही हकिगत मी आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना सांगितली. ते भले गृहस्थ आहेत, तीन वेळा तुरुंगात जाऊन आलेले आहेत. त्यांनी सहानुभूतीने ऐकले आणि म्हणाले, ''वाईट झाले. पण हा काही आपल्या साप्ताहिकाचा विषय नव्हे. शेतमालाचे भाव, कंत्राटी कामगार, पाणी हे आपले विषय. रूपाचे कौतुक आणि रूपाची टवाळी या सुखवस्तू लोकांच्या व्याधी आहेत.'' हा लेख त्यांना दिलेले उत्तर आहे. कारण त्यांच्यासारखेच मत असलेले शेकडो प्रामाणिक कार्यकर्ते आपल्यात आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे या सहकाऱ्यांना स्वतःच्या परंपरेचाच विसर पडला आहे. राममनोहर लोहियांनी १९६०च्या सुमारास सौंदर्य आणि त्वचेचा रंग या विषयावर एक स्वतंत्र निबंध लिहिला. भारतात रस्त्यारस्त्यावर सत्याग्रह चालू होते, अन्नधान्याची टंचाई होती, आणि समाजवादी पक्षाचा हा नेता कातडीच्या रंगाविषयी लिहीत बसला होता! त्याचे म्हणणे सरळ होते. गोऱ्या वंशाच्या लोकांनी काही शतके जगावर राज्य केले, संपत्ती आणि सत्ता त्यांच्या हाती राहिली, म्हणून गोरेपण सुंदर ठरले; आफ्रिकेच्या लोकांनी तसे राज्य केले असते तर सौंदर्याची कसोटी वेगळी झाली असती. म्हणजे सुंदर कोण आणि कुरूप कोण हा रसिकतेचा प्रश्न दिसत असला, तरी त्याच्या मुळाशी सत्तेचा इतिहास आहे. सावित्रीऐवजी सावळ्या द्रौपदीला भारतीय स्त्रीत्वाची प्रतिनिधी मानणारे लोहिया १९६४ साली अमेरिकेतील जॅक्सन शहरात एका उपाहारगृहाने रंगावरून प्रवेश नाकारला म्हणून अटक करून घेतात, यात विसंगती काहीच नाही. विचार एकच होता.

आपल्याकडे या सत्तेच्या इतिहासावर जातीचा थर आहे. ज्या महाराष्ट्राचे आराध्य दैवत काळ्या पाषाणाचे आहे, ज्याच्या काळेपणावर संतांनी शतकानुशतके जीव ओवाळला, त्याच महाराष्ट्रात विवाहविषयक जाहिरातींतून 'गोरी, सडपातळ' ही दोन विशेषणे अजून हटलेली नाहीत. विठोबा सावळा चालतो. सून चालत नाही. आणि मुलगी काळी आहे असे म्हणताना बोलणाऱ्याच्या मनात बहुधा एक दुसराही शब्द असतो, जो तो चारचौघांत उच्चारत नाही. समाजमाध्यमावर मात्र तो आता उच्चारू लागला आहे, कारण तेथे त्याचे तोंड दिसत नाही.

तेव्हा शेरेबाजी नवी नाही, हे मान्यच केले पाहिजे. १९७४ साली मला 'पाहायला' मंडळी आली होती. मला अंगणातून विहिरीपर्यंत चालून दाखवावे लागले. मुलाच्या आत्याने केस सोडायला लावले. सुईत दोरा ओवायला दिला. डोळे ठीक आहेत की नाहीत, हे पाहण्याची ती रीत होती. जाताना ओसरीवर कोणी म्हणाले, ते मी दाराआडून ऐकले: ''रंगाच्या मानाने देण्याघेण्याचा आकडा फार कमी आहे.'' त्यापूर्वी महिनाभर आई मला दुधाची साय आणि डाळीचे पीठ लावत होती. ते वाया गेले.

परंतु ती मंडळी सहाजण होती आणि चहापोहे घेऊन दोन तासांत निघून गेली. मी रात्री रडले आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेले. कॉलेजात मी वादसभेची चिटणीस होते. माझा रंग कसा, हे तेथेही लोकांना दिसत होतेच. परंतु ओसरीवर काय बोलले गेले ते कॉलेजला ठाऊक नव्हते आणि कॉलेजात मी कोण आहे याची ओसरीला फिकीर नव्हती. अपमान एका खोलीत झाला तर दुसऱ्या खोलीत जाऊन श्वास घेता येत होता. आजच्या मुलीला ती दुसरी खोली उरलेली नाही. वर्ग, मैत्रिणी, नातेवाईक, गावची पोरे आणि शेकडो मैलांवरचा कोणी अनोळखी पुरुष हे सारे एकाच ओसरीवर बसले आहेत. ते उठून जात नाहीत, आणि ते काय म्हणाले ते लिहून ठेवलेले आहे. ती मध्यरात्री उठून पुन्हा वाचू शकते. आणि वाचतेच. शिवाय आमच्या वेळी परीक्षक घरी येत होते. आता तिने रोज आपण होऊन परीक्षेला बसावे अशी व्यवस्था केलेली आहे. ही व्यवस्था कोणी आणि कशासाठी केली, हे पाहिल्याखेरीज प्रश्नाचे राजकीय स्वरूप कळणार नाही.

इन्स्टाग्राम हे छायाचित्रांचे माध्यम फेसबुकने २०१२ साली सुमारे शंभर कोटी डॉलरना विकत घेतले. या दोहोंची मालक असलेली मेटा कंपनी २०२३ साली सुमारे १३,४९० कोटी डॉलरचे उत्पन्न मिळवून बसली, आणि त्यातील शेकडा सत्त्याण्णवांहून अधिक उत्पन्न जाहिरातींचे होते. म्हणजे ज्याला आपण संवादाचे साधन समजतो ते जाहिरातीचे एक प्रचंड फलक-भाड्याचे दुकान आहे. फरक इतकाच की रस्त्यावरचा फलक आपल्याकडे पाहत नाही. हा फलक पाहतो. कोणत्या चित्रावर मुलीचा अंगठा थबकला, कोणते चित्र तिने मोठे करून पाहिले, कितीदा परत आली, या साऱ्याची नोंद होते, आणि जे तिला अस्वस्थ करून थांबवते तेच पुन्हा पुढे येते. स्वतःच्या शरीराविषयी समाधानी असलेली स्त्री बाजाराच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी होय. ती साबण विकत घेईल, फार तर तेल. पातळ होण्याचे चूर्ण, उजळ होण्याचे द्रव, ओठ फुगवण्याची सुई या वस्तू तिला विकायच्या असतील तर आधी तिला आरशापुढे नेऊन तिचे काय चुकले आहे ते दाखवावे लागते. गिरणीला कापूस लागतो तसा या उद्योगाला न्यूनगंड लागतो.

हे केवळ आपले डावे अनुमान नाही. मे २०१७ मध्ये 'द ऑस्ट्रेलियन' या वृत्तपत्राने फेसबुकचा एक अंतर्गत दस्तऐवज उजेडात आणला. अगदी चौदा वर्षांपर्यंतची मुलेमुली केव्हा असुरक्षित वाटून घेतात, केव्हा स्वतःला कवडीमोल समजतात, हे ओळखण्याची क्षमता आपल्यापाशी आहे, असे त्यात जाहिरातदारांसाठी मांडले होते. भावनांवरून लोकांना लक्ष्य करण्याचे साधन आम्ही पुरवत नाही, असा खुलासा कंपनीने केला. सप्टेंबर २०२१ मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने आणखी कागदपत्रे छापली. ती बाहेर आणणाऱ्या फ्रान्सिस हॉगेन या तेथील माजी कर्मचारी बाईंनी पुढच्याच महिन्यात अमेरिकेच्या सिनेटपुढे साक्ष दिली. कंपनीने स्वतःच केलेल्या पाहणीत असे आढळले होते की, ज्या किशोरवयीन मुलींना आपल्या शरीराविषयी वाईट वाटत होते त्यांतील ३२ टक्के मुलींची ती भावना इन्स्टाग्राममुळे अधिक तीव्र झाली. हा निष्कर्ष कंपनीच्या कपाटात होता. बाहेर मात्र शंका घेणाऱ्यांना पुरावा मागितला जात होता. अमेरिकेतील राज्यांनी २०२३ साली लावलेल्या दाव्यांत आणखी एक आरोप आहे: प्लास्टिक सर्जरी केल्यासारखा चेहरा दाखवणारे फिल्टर कायमचे बंद करावेत, असा आग्रह कंपनीतील अधिकाऱ्यांनीच धरला असता खुद्द मालकांनी तो मोडून काढला. आणि एप्रिल २०२५ मध्ये सारा विन-विल्यम्स या माजी वरिष्ठ अधिकारी बाईंनी सिनेटच्या उपसमितीपुढे सांगितले की, तेरा ते सतरा वयाच्या मुलीने स्वतःचे काढलेले छायाचित्र पुसून टाकले की ती खचली आहे असे ताडून तिच्यापुढे सौंदर्यप्रसाधनाची जाहिरात आणण्याची सोय होती. कंपनीने हे आरोप नाकारले आहेत. ते कोर्टात ठरेल तेव्हा ठरो. परंतु एक क्षण त्या पुसलेल्या छायाचित्राचा विचार करा. मुलीने ते कोणालाही दाखवले नाही, कोणी शेरा मारला नाही, कोणी हसले नाही. तिने स्वतःच स्वतःला नापास केले. आणि त्या क्षणालाही गिऱ्हाईक शोधले जाते.

येथे काही मित्र म्हणतील की मुलींना नटण्याची हौस असते, त्याला कंपनी काय करणार? या 'निसर्गसिद्ध' हौशीविषयी फिजी बेटांवरील एक अभ्यास उद्बोधक आहे. तेथील नाड्रोगा प्रांतात १९९५ साली दूरचित्रवाणी आली. त्या समाजात भरदार शरीर हे खात्यापित्या घराचे आणि प्रेमाने सांभाळलेल्या माणसाचे लक्षण मानत. अ‍ॅन बेकर या अमेरिकन संशोधक बाईंनी त्या वर्षी शाळकरी मुलींच्या एका गटाची पाहणी केली, आणि तीन वर्षांनी, १९९८ साली, तशाच दुसऱ्या गटाची. वजन कमी करण्यासाठी मुद्दाम उलटी काढणारी मुलगी पहिल्या पाहणीत एकही नव्हती. दुसऱ्या पाहणीत अशा मुली शेकडा अकरा निघाल्या. अभ्यास लहान होता, प्रत्येक वेळी साठ-पासष्ट मुलींचा, त्यामुळे त्यावर फार मोठा मनोरा रचू नये. परंतु अनेक पिढ्यांची अंगकाठीची आवड तीन वर्षांत कशी बदलू लागते, ते त्यात दिसते. तेथे तर गावात थोडेच संच होते आणि त्यांवर दुसऱ्या देशांतील मालिका चालत. येथे प्रत्येक मुलीच्या हातात स्वतंत्र पडदा आहे, आणि त्यावर तिच्या शेजारच्या गावची मुलगी गुळगुळीत कातडी व सरळ नाक घेऊन उभी आहे. नटी तशी दिसते याचे सामान्य मुलीला फारसे दुःख नसते. बरोबरीची मैत्रीण तशी दिसू लागली की दुःख सुरू होते. मैत्रिणीचे नाक फोनने सरळ केले आहे हे तिला माहीत असते. माहीत असूनही दुःख कमी होत नाही.

हे शहरी खूळ आहे हा समज तर सोडूनच द्यावा. २०१६ नंतर मोबाईलवरील इंटरनेट स्वस्त झाले आणि वाड्यावस्त्यांवर पोचले. टिकटॉकवर ऊसतोड कामगारांच्या मुली नाचत होत्या, गवंड्यांच्या बायका विनोद करीत होत्या. त्या पडद्यावर प्रथमच गरिबांचे चेहरे मोठ्या संख्येने दिसले, ही गोष्ट मी नाकारणार नाही. जून २०२० मध्ये त्यावर बंदी आली आणि दुसऱ्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील सुरू केले. वस्ती बदलली, घरमालक बदलला. अनेक फोनांच्या कॅमेऱ्यांत तर चेहरा आपोआप उजळ आणि तुकतुकीत करण्याची सोय विकत घेतानाच बसवलेली असते. मुलगी स्वतःचे खरे छायाचित्र पाहते तेव्हा ते तिला बिघडलेले वाटते.

आणि ही उपासमारीची दीक्षा कोणत्या देशात दिली जात आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) भारतातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४ टक्के आहे. पोटाचे प्रश्न आणि रूपाचे प्रश्न वेगळे, असे म्हणणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनी मुलींच्या एखाद्या सरकारी वसतिगृहात रात्री जेवणाच्या वेळी जाऊन बसावे. आमच्या भागातील एका वसतिगृहाच्या अधीक्षिका सांगत होत्या, की चपातीची कणीक आता पूर्वीपेक्षा कमी मळावी लागते. आठ-दहा मुली रात्रीचे जेवतच नाहीत, गरम पाण्यात लिंबू पिऊन झोपतात. त्यांच्या आयांनी रोजंदारीवर खुरपणी करून त्यांना शिकायला धाडले आहे. आईला पोटभर मिळाले नाही म्हणून तिचे रक्त कमी, आणि मुलीने पोटभर खाल्ले नाही म्हणून तिचे. दोघींच्या हिमोग्लोबिनचा आकडा मात्र सारखाच येतो.

न्यूनगंडाच्या धंद्याला आपल्या देशात जुना पाया आहे. हिंदुस्थान लिव्हरने 'फेअर अँड लव्हली' हे मलम १९७५ साली बाजारात आणले. त्याच्या एका जाहिरातीत बाप मुलगा नसल्याची खंत करतो, मुलगी मलम लावते, उजळते, हवाई सुंदरी होते आणि बापाला हॉटेलात कॉफी पाजते. स्त्रियांची नोकरी, हुंडा, पुत्रमोह हे आपल्या चळवळीचे सारे प्रश्न त्या अर्ध्या मिनिटात एका नळीने सोडवून टाकले होते! अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने याविरुद्ध मोहीम केली आणि २००३ साली सरकारने अशा दोन जाहिराती बंद करायला लावल्या. २०१४ साली जाहिरातदारांच्याच नियमन संस्थेने, सावळ्या माणसाला दुःखी व अपयशी दाखवू नये, असा नियम केला. मे २०२०मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडची हत्या झाल्यानंतर जगभर वर्णद्वेषाविरुद्ध लोक उठले, तेव्हा त्या मलमाच्या नावातील 'फेअर' जाऊन 'ग्लो' आला. त्याच युनिलिव्हर समूहाचा दुसरा साबण २००४ पासून सर्व प्रकारच्या स्त्रिया सुंदर आहेत अशी मोहीम चालवीत आहे. एका खिशातून जखम, दुसऱ्या खिशातून मलमपट्टी, अंगरखा एकाचाच.

हा दुटप्पीपणा किती निगरगट्ट होऊ शकतो, याचे उदाहरण एप्रिल २०२४ मध्ये दिसले. उत्तर प्रदेशात दहावीच्या परीक्षेत एक मुलगी राज्यात पहिली आली. तिचे छायाचित्र प्रसिद्ध झाले आणि तिच्या ओठांवरील व गालांवरील लव पाहून देशभर टवाळी सुरू झाली. तिचे नाव मी येथे देत नाही. ते पुरेसे उगाळून झाले आहे. पुष्कळ लोक तिच्या बाजूनेही बोलले, हे खरे. परंतु एक-दोन गुण कमी पडले असते तर बरे झाले असते, मग कोणाचे लक्ष गेले नसते, अशा अर्थाचे उद्गार त्या मुलीने नंतर काढले. शिक्षणमंत्र्यांच्या साऱ्या अहवालांपेक्षा हे एक वाक्य मला अधिक गंभीर वाटते. आणि मग दाढीचे सामान विकणाऱ्या एका कंपनीने वृत्तपत्रात पानभर जाहिरात देऊन तिला नावानिशी धीर दिला, आणि खाली आपले बोधचिन्ह छापले. टवाळी करणाऱ्यांनी तिचा चेहरा फुकट वापरला होता. कंपनीने तो कनवाळूपणे वापरला.

आमच्या शिबिरातील मुलीचे जे झाले ते हेच आहे, लहान प्रमाणावर. शेरा चेहऱ्यावर असतो, परंतु नेम तिच्या बोलण्यावर धरलेला असतो. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल इंडियाने २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात ९५ स्त्री-राजकारण्यांना उद्देशून ट्विटरवर लिहिलेल्या मजकुराची तपासणी केली. दर सात नोंदींत जवळपास एक अपमानास्पद किंवा आक्षेपार्ह निघाली. आमदार-खासदार स्त्रियांना निदान पक्षाचे, पदाचे संरक्षण असते. अकरावीतील मुलीला काय असते? पुरुष वक्त्याचे पोट सुटलेले असते, टक्कल पडलेले असते, दात तंबाखूने काळे झालेले असतात. त्याच्या भाषणाखाली कोणी त्यावर शेरा लिहीत नाही. आपल्या पक्षाच्या व्यासपीठावर स्त्रिया का कमी, असा प्रश्न दर अधिवेशनात विचारला जातो आणि 'घरच्या जबाबदाऱ्या' हे उत्तर दर अधिवेशनात दिले जाते. या उत्तरात आता एक भर घालावी लागेल.

उपाय म्हणून पहिली सूचना नेहमी एकच येते: मुलींच्या हातात फोन देऊ नका. गुजरातेत बनासकांठा जिल्ह्यात २०१९ साली एका समाजाच्या पंचांनी अविवाहित मुलींना मोबाईल वापरण्यास मनाई करणारा ठरावच केला. दगड मारणारा मोकळा आणि जिला लागला तिला घरात कोंडायचे, ही आपल्याकडची सनातन न्यायपद्धती आहे. ऑस्ट्रेलियाने २०२४ च्या नोव्हेंबरात सोळा वर्षांखालील मुलांमुलींना समाजमाध्यमांची दारे बंद करणारा कायदा केला, त्यात जबाबदारी कंपन्यांवर टाकली आहे, पालकांवर किंवा मुलांवर नाही. एवढा भाग निश्चित चांगला. पण आपल्याकडे अशा बंदीचा अर्थ मुलाचा फोन चालू आणि बहिणीचा जप्त, असाच होईल. ज्या मुलीला वाचनालय नाही, जिची एस. टी. बंद आहे, तिला शिष्यवृत्तीचा अर्जही त्या फोनवरूनच भरायचा आहे.

दुसरी सूचना पोलिसांची. शेरे मारणाऱ्यांना आत टाका! माझ्याही हाताला तशी खाज सुटते, हे कबूल करते. परंतु आपल्याच राज्यात नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे दोन तरुण मुलींना फेसबुकवरील एका साध्या मतप्रदर्शनासाठी अटक झाली होती, तीही मुंबई का बंद ठेवली असे विचारल्याबद्दल. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ते कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केले. बोलण्यावरचा दंडुका सरकारच्या हाती दिला की तो प्रथम कोणाच्या पाठीवर पडतो, हे आणीबाणी पाहिलेल्या पक्षाला मी सांगायला नको. १९८६ चा स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्धचा कायदाही आहे. परंतु त्याची नजर स्त्रीचे अंग किती उघडे आहे याकडे असते. नखशिखांत झाकलेल्या स्त्रीच्या चित्रातूनही दुसरीला 'तू कुरूप आहेस' असे सांगता येते, हे त्या कायद्याच्या कल्पनेतच नाही.

हात धंद्याच्या गळ्याला घातला पाहिजे. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांवर पाळत ठेवण्यास व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यास मनाई करणारे कलम आहे. ते एकही सवलत न देता राबवा, ही मागणी आपल्या प्रत्येक जिल्हा शाखेने लावून धरली पाहिजे. १९५४ चा औषधे व जादूचे उपाय यांवरील आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा तर बहुतेकांच्या विस्मरणात गेला आहे. ज्या व्याधींवर औषधाची जाहिरातच करता येत नाही अशांची यादी त्यात आहे, आणि त्या यादीत लठ्ठपणा आहे, स्त्रीच्या छातीचा आकार आहे. म्हणजे मुलींच्या पडद्यावर रोज येणाऱ्या कित्येक जाहिराती सत्तर वर्षांपासून बेकायदा आहेत! औषध म्हणायचे नाही, 'पूरक आहार' म्हणायचे, ही पळवाट काढली जाते. फेब्रुवारी २०२० मध्ये या यादीत त्वचेचा गोरेपणा घालणारा आणि शिक्षा वाढवणारा मसुदा केंद्र सरकारने प्रसिद्ध केला. तो मसुदाच राहिला. नॉर्वेने २०२१ साली कायदा करून, जाहिरातीतील शरीराचे चित्र बदललेले असेल तर तसे त्यावर छापण्याचे बंधन घातले, आणि पैसे घेऊन प्रसिद्धी करणाऱ्या समाजमाध्यमांवरील व्यक्तींनाही ते लागू केले. फ्रान्सने अशा जाहिरातींपुरता तसाच नियम २०१७ पासून लावला आहे. तेवढ्याने सारे बदलणार नाही. मैत्रिणीच्या सरळ केलेल्या नाकाविषयी मी वर लिहिलेच आहे. परंतु दुधात पाणी आहे असे बाटलीवर लिहावे लागले की गवळ्याचा तोरा थोडा उतरतो.

या मागण्या सरकारकडे जातील तेव्हा जातील. स्वतःच्या घरात काय करायचे यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. आमच्या तालुका समितीपुढे मी एक ठराव ठेवला आहे. पक्षाच्या कोणत्याही पानावर मुलीचे वा स्त्रीचे छायाचित्र तिला विचारल्याशिवाय टाकायचे नाही. टाकले तर पहिले दोन दिवस एका कार्यकर्त्याने त्यावर पहारा ठेवायचा, आणि शरीरावरचा प्रत्येक शेरा, मग तो स्तुतीचा असला तरी, काढून टाकायचा. शेरा सभासदाचा असेल तर त्याला समितीपुढे बोलावून जाब विचारायचा. 'स्तुतीचा असला तरी' या शब्दांवर बरीच चर्चा झाली. एक तरुण सदस्य म्हणाला, ''ताई, छान दिसते म्हटले तर काय बिघडले?'' मी त्याला विचारले, की त्याच्या भाषणानंतर त्याला कोणी असे म्हटले होते का? तो हसला, मग गप्प बसला. ठराव दोन मतांनी संमत झाला. ज्यांच्या नावांचा मी आरंभी उल्लेख केला त्या दोघांना पत्रे गेली आहेत. एकाचे उत्तर आले, त्यात दिलगिरी आहे आणि थोडी कुरकुरही आहे. दुसऱ्याने अजून उत्तर दिलेले नाही.

वाडीवरची सकाळची एस. टी. अद्याप सुरू झालेली नाही. पुढील सोमवारी आगारावर मोर्चा आहे. निवेदन त्या मुलीनेच लिहिले आहे, दोन पाने, तारखांसह. ते मोर्चात कोणी वाचायचे, हे तिने अजून सांगितलेले नाही, आणि आम्ही तिला घाई केलेली नाही.